जाब, जबाब आणि जाबसाल

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले आणि ठाण्यातल्या कागदांवर 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता' हे नाव आले. अटक केव्हा करावी, झडती कशी घ्यावी, जबाब कसा नोंदवावा हे सांगणारा हा कायदा, आणि त्याच्या नावात 'नागरिक' अगदी मधोमध आहे. पोलीस सुधारणांवर बोलायला वकील, निवृत्त न्यायाधीश, पत्रकार, स्वयंसेवी संस्था अशी मंडळी शासनासमोर बसतात तेव्हा त्यांचेही एकत्रित नाव 'नागरी समाज' असेच असते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना नगर आहे. मग हा शब्द मुळात कोणत्या बाजूचा?

कौटिल्य म्हणतो, सरकारच्या बाजूचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात 'नागरिकप्रणिधि' नावाचे प्रकरण आहे. त्यातला नागरिक हा राजाने नेमलेला नगराचा मुख्य अधिकारी. पाणिनीच्या व्याकरणात 'तिथे नेमलेला' या अर्थाचा एक प्रत्यय आहे. त्याने द्वारावर नेमलेला तो दौवारिक होतो. नगरावर नेमलेला नागरिक हाही त्याच घडणीचा असावा. त्याच्या हाताखाली 'स्थानिक' आणि स्थानिकाच्या हाताखाली 'गोप'. गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबे सोपवलेली. घरात माणसे किती, कमावतात काय, पाहुणा कोण उतरला आहे, हे त्याने जाणून असायचे. रात्रीची संचारबंदी, आगीचा बंदोबस्त, संशयितांची धरपकड ही सगळी नागरिकाच्या अखत्यारीतली कामे. 'स्थानिक नागरिकांनी पोलिसांना कळवले' हे वर्तमानपत्रातले वाक्य कौटिल्याने वाचले असते तर दोन सरकारी अधिकाऱ्यांनी तिसऱ्याला कळवले असाच अर्थ त्याने घेतला असता. कामसूत्रातला 'नागरक' मात्र शहरी रसिक, सुखवस्तू माणूस आहे. आजचा अर्थ, म्हणजे राज्याकडे हक्काने काही मागू शकणारी व्यक्ती, पुष्कळ नंतरचा आणि इंग्रजी राज्यशास्त्राच्या संगतीने आलेला दिसतो.

कौटिल्याच्या या नागरिकाला प्रत्यक्ष काम करताना पाहायचे असेल तर शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा छोटा प्रवेश काढावा. राजाचा मेहुणा नगराचा मुख्य रक्षक आहे; नाटकात त्याची ओळखच 'नागरिक श्याल' अशी. सूचक आणि जानुक नावाचे त्याचे दोन शिपाई एका कोळ्याच्या मुसक्या बांधून त्याला घेऊन येतात. राजाचे नाव कोरलेली अंगठी त्याच्याकडे सापडली आहे. विचारण्याआधीच शिपाई त्याला मारतात आणि त्याच्या धंद्यावरून टोमणेही मारतात. कोळी सांगतो की रोहित मासा कापताना त्याच्या पोटात अंगठी मिळाली. इथे श्यालाची एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. कोळ्याचे सगळे बोलणे क्रमाने होऊ द्या, मध्ये अडवू नका, अशी ताकीद तो आपल्याच शिपायांना देतो. जबाब नोंदवणाऱ्यासाठी याहून चांगला नियम आजही सापडायचा नाही. अंगठी घेऊन श्याल राजाकडे जातो आणि परत येतो तो सुटकेचा हुकूम आणि बक्षीस घेऊन. दरम्यान एका शिपायाचे हात मात्र कोळ्याच्या गळ्यात वधाची माळ घालण्यासाठी शिवशिवत असतात. सुटलेला कोळी बक्षिसाचा अर्धा भाग शिपायांना देऊ करतो, 'सुमनोमूल्य' म्हणून, म्हणजे फुलांच्या किमतीपोटी. मग सगळे मिळून मद्याच्या दुकानाकडे निघतात. कोठडीतली मारहाण, जातिधंद्यावरून संशय, चिरीमिरीला दिलेले गोंडस नाव, सगळे या एका पानात आहे. शिपाई आणि कोळी दोघेही मागधी प्राकृतात बोलतात हेही ध्यानात घ्यावे. मारणारा आणि मार खाणारा एकाच बोलीचे आहेत.

श्यालावर थोडे थांबतो. अमरकोशात नाट्याच्या शब्दांत 'राष्ट्रिय' या शब्दाचा अर्थ राजाचा मेहुणा असा दिला आहे. मृच्छकटिकातला शकार हाही असाच राष्ट्रियश्याल, आणि तो तर न्यायाधीशाला, माझा खटला घेतला नाहीस तर राजाला सांगून तुझ्या जागी दुसरा बसवीन, अशी धमकी देतो. नगररक्षणाची सूत्रे राजाच्या सोयऱ्याकडे असणे हे प्राचीन नाटककारांना इतके परिचयाचे होते की त्या नात्यासाठी त्यांच्याकडे तयार शब्द होता. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात जे सात आदेश दिले, त्यांतले निम्मे तरी या मेहुण्याविरुद्धच आहेत असे मला वाटते. पोलीस महासंचालकाची निवड गुणवत्तेवर व्हावी, त्याला किमान दोन वर्षे मिळावीत, बदल्या-बढत्यांसाठी पोलिसांचेच आस्थापना मंडळ असावे, राज्य सुरक्षा आयोग नेमावा. सगळ्यांचा रोख एकच, की वर्दी कोणाच्या मर्जीवर राहू नये. आणि हा खटला १९९६ साली दाखल करणाऱ्यांत खुद्द प्रकाश सिंह होते, उत्तर प्रदेश पोलीस आणि सीमा सुरक्षा दल या दोन्हींचे निवृत्त महासंचालक. त्यांच्यासोबत 'कॉमन कॉज' ही संस्था. कौटिल्याचा नागरिक इथे आपल्या अर्थाचा नागरिक होऊन न्यायालयाच्या दारात उभा राहिला.

'पोलीस' हा शब्दही नगरातूनच निघालेला. ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. त्यावरून 'पोलितेइया' म्हणजे नगराचा कारभार, तिथून लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी असा प्रवास. हा ग्रीक शब्द संस्कृत 'पुर्' किंवा 'पुर' याचा सख्खा नातेवाईक मानतात. दोहोंचा जुना अर्थ तटबंदीचे ठिकाण असावा. सोलापूर, नागपूर, कोल्हापूर यांतले शेपूट आणि पोलीस एकाच घरचे ठरतात. 'कॉन्स्टेबल'चे मूळ आणखी गंमतीचे: लॅटिनमध्ये 'तबेल्याचा सरदार'. त्यातला तबेला 'उभे राहणे' या धातूपासून, म्हणजे आपल्या 'स्था'च्या भावापासून झाला आहे. आपले 'ठाणे' स्थानापासून. मराठीत घोडा बांधायची जागाही 'ठाण'च, आणि 'ठाणबंद' जनावर म्हणजे दावणीला बांधून खाऊ घातलेले. ठाण्यातला कॉन्स्टेबल असे म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, एकदा मराठीतून आणि एकदा रोमवरून फिरून आलेला.

'कोतवाल' हा 'कोट्टपाल', म्हणजे कोट सांभाळणारा. संस्कृतातून फारसीत जाऊन तो मुसलमानी अंमलात नव्या अधिकारासह परतला असे दिसते. पुण्याला तो शब्द घाशीरामामुळे विसरता येत नाही. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. लोकांनी नाना फडणविसांकडे दाद मागितली. शेवटी कोतवाल जमावाच्या हवाली झाला आणि दगडांखाली मेला. इथले दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. 'हवाली' आणि 'हवालदार' दोन्ही अरबी 'हवाला'पासून, म्हणजे सोपवलेली वस्तू. हवालदार हा ज्याच्याकडे काही विश्वासाने सोपवले आहे असा माणूस. आणि 'दाद' ही फारसी. तिचे जुने रूप 'दात', अर्थ कायदा. हे इराणी 'दा' आपल्या 'धा' धातूचेच प्रतिरूप, ज्याच्यापासून विधी आणि विधान झाले. दाद मागणे आणि विधानसभेत कायदा होणे ही मुळात एकाच धातूची दोन कामे. १७९१ च्या पुण्यात ती एकमेकांना भेटली नाहीत. कोठडीतल्या मृत्यूचा जाब विचारायची ठरलेली वाट नव्हती, म्हणून रस्त्यावरचे दगड हीच वाट झाली.

अशी वाट पूर्वी कोणालाच सुचली नव्हती असे मात्र नाही. अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण 'कण्टकशोधन'. राज्यातले काटे वेचून काढायचे. त्या काट्यांत कौटिल्य सरकारी माणसेही धरतो आणि त्यांच्यासाठी 'सर्वाधिकरणरक्षण' असे वेगळे प्रकरण लिहितो. बंदिवानाचे अन्नपाणी अडवणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला ९६ पण दंड. बंदिवानाला मारून टाकणाऱ्याला १०००. या 'अधिकरणा'चा अर्थ शासकीय खाते, न्यायाचे आसन असा. मृच्छकटिकात न्यायाधीश आहे तो 'अधिकरणिक'च. विसाव्या शतकात त्याला 'प्र' लावून 'प्राधिकरण' घडवले गेले, आणि आज आपल्याकडे 'पोलीस तक्रार प्राधिकरण' आहे.

आता त्यातली 'तक्रार'. ही अरबी 'तकरार', धातू क-र-र, अर्थ पुन्हा येणे, पुन्हा करणे. फारसीत आजही तकरार म्हणजे पुनरावृत्ती. उर्दू-हिंदीत तिचे भांडण झाले. एकच गोष्ट दोघे पुन्हा पुन्हा बोलू लागले की भांडण होतेच, तेव्हा हे वळण समजते. मराठीत मात्र ती गाऱ्हाणे झाली. का? मला एक तर्क सुचतो. पेशवाईतल्या न्यायाच्या कागदांत 'तकरीर' नावाचा शब्द सतत येतो. वादी-प्रतिवादी आपापले म्हणणे लिहून देत, ती तकरीर. तिचा धातू वेगळा, क़-र-र, ज्यातून करार, इकरार झाले. मराठी कानाला दोन्ही 'क' सारखेच. तकरीरमधला कचेरीत मांडलेल्या म्हणण्याचा अर्थ शेजारच्या तकरारीत उतरला असावा. जाणकारांनी हे तपासून पाहावे.

पण पुनरावृत्तीचा मूळ अर्थ पोलीस सुधारणांच्या इतिहासात पुसलेला नाही. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याचे आठ अहवाल आले. पुढे रिबेरो समिती, पद्मनाभय्या समिती, सोराबजी समिती. प्रत्येकीने मागच्यांचेच म्हणणे थोड्याफार फरकाने परत सांगितले, कारण आधीचे कोणी अमलात आणले नव्हते. सामान्य माणसाचेही तेच. ठाण्यात खेटे, मग अधीक्षकांच्या कार्यालयात खेटे, मग न्यायालयात. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे सांगितली होती. महाराष्ट्राने आपल्या पोलीस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने राज्य आणि विभाग अशा पातळ्या निवडल्या. सिरोंच्याच्या माणसाला विभागाचे ठिकाण म्हणजे नागपूर, तीनशे किलोमीटरहून दूर. ज्याला तक्रारीचे मूळ लक्षात घेऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून, कायदा लिहायचा आहे त्याने जिल्हा सोडला नसता. याच कायद्यात एक चांगली गोष्टही आहे. राज्य प्राधिकरणावर निवृत्त न्यायाधीश, निवृत्त पोलीस अधिकारी यांच्या शेजारी नागरी समाजातल्या मान्यवर व्यक्तीसाठी एक जागा राखलेली आहे. नेमणूक अर्थात सरकारच करते.

शासन लोकांचे मत मागवते तेव्हा ठरलेला शब्दप्रयोग असतो, 'हरकती व सूचना'. हरकत अरबीत म्हणजे हालचाल, गती. गवयाची हरकत ती हीच, सुराची चपळ हालचाल. अरबी लिपीतल्या स्वरचिन्हांनाही हरकत म्हणतात, कारण त्यांच्याशिवाय व्यंजन हलत नाही. मराठीत 'कोणीतरी हलले' याचे 'कोणीतरी आडवे आले' असे झाले असावे, आणि 'हरकत नाही' म्हणजे संमती. सूचनेचे मूळ सुईशी, 'सूची'शी लावतात: टोक दाखवणे, बोट दाखवणे. जुन्या संस्कृतात 'सूचक' म्हणजे चुगली करणारा, खबऱ्या. शाकुंतलातल्या शिपायाचे नाव कालिदासाने उगाच ठेवलेले नाही. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. मराठीत ती वरून येते तेव्हा हुकूम असते, जसे फलकावरच्या सूचना, आणि खालून जाते तेव्हा विनंती. 'नागरिकांनी सूचना कराव्यात' आणि 'नागरिकांना सूचना देण्यात येते' या दोन वाक्यांत नागरिक एकच आणि शब्दही एकच. फक्त विभक्ती बदलली आहे.

समोरासमोर बसायचे ठरले तर 'सल्लामसलत'. हा जोडशब्द मला फार आवडतो, कारण त्याचे दोन्ही भाग एकाच अरबी धातूचे आहेत, स-ल-ह, अर्थ ठीक असणे, नीट होणे. 'सलाह' म्हणजे भलेपणा, हित; 'मसलहत' म्हणजे ज्यात हित आहे ते. सुलह, म्हणजे तह, तीही इथलीच. जुन्या मराठीत सल्ला करणे म्हणजे तह करणे असाही अर्थ दिसतो. मराठेशाहीत मसलत कधी बेत झाली, कधी मोहीम, कधी कटही. आणि याच धातूचे चौथे अपत्य 'इस्लाह', म्हणजे सुधारणा. शायर उस्तादाकडून आपल्या ओळी दुरुस्त करून घेतो ती इस्लाह. अरबीच्या दृष्टीने पोलीस सुधारणा आणि तिच्यासाठीची सल्लामसलत या एकाच क्रियेच्या दोन अवस्था आहेत. आपली 'सुधारणा' कोणी 'शुद्ध'शी जोडतात, कोणी 'सु' आणि 'धृ'शी. एकोणिसाव्या शतकात आगरकरांच्या पिढीने तिचा वापर सभ्यता, प्रगती या अर्थाने केला. 'सुधारलेली राष्ट्रे' असे ते लिहीत.

आता जबाबाकडे येतो, कारण उत्तरदायित्वाची सगळी चर्चा अखेर त्याच्यावर येऊन थांबते. अरबी 'जवाब', धातूचा जुना अर्थ भेदून पार जाणे. बोललेले पलीकडे पोचते आणि परत येते अशी काहीशी कल्पना त्यामागे असावी. नवाबाचा नबाब झाला तसा जवाबाचा जबाब. त्याला फारसी 'दार' लागून जबाबदार. हिंदीने 'देही' लावून 'जवाबदेही' केली, उत्तर देण्याचे बंधन. 'उत्तरदायित्व' ही तिचीच संस्कृत प्रतिमा दिसते. धर्मशास्त्रातही 'उत्तर' हा खटल्याचा पारिभाषिक शब्द आहे: खटल्याचे चार पाय, त्यांतला दुसरा उत्तर, आणि ते द्यायचे ज्याच्यावर आरोप आहे त्याने. त्याचे प्रकारही चार: मान्य करणे, नाकारणे, मान्य करून कारण सांगणे, आणि 'याचा निवाडा पूर्वीच झाला आहे' असे म्हणणे.

ठाण्यात मात्र जबाब सगळेच देतात, आरोपी, साक्षीदार, फिर्यादीसुद्धा. 'पुरवणी जबाब' हा तर तपासातला रोजचा शब्द. देणारा नेहमी बाकावर आणि लिहिणारा टेबलामागे. तपासात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या लेखी जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, असे कायदा सांगतो. जुन्या संहितेत होते, नव्यातही आहे. कारण उघड आहे: दडपणाखाली बोललेले शब्द सहीने माणसाच्या गळ्यात बांधले जाऊ नयेत. पोलिसाच्या हातातला जबाब कसा असू शकतो याची कबुली कायद्याने स्वतःच दिलेली आहे.

आणि तरी याच शब्दाचे एक रूप लोकांच्या हातात राहिले, 'जाब'. जबाब घेतला जातो, जाब विचारला जातो. जबाब वरचा खालच्याकडून घेतो. जाब खालचाही वरच्याला विचारू शकतो, गावकरी सरपंचाला, मतदार आमदाराला. 'जवाब'मधला 'व' गळून 'जाब' उरला हे उघड आहे, पण तो कुठे गळला? पेशवे दफ्तरातल्या 'जाबसाल' या शब्दात मला त्याचा माग दिसतो. जवाब-सवाल या जोडीतले दोन्ही 'व' कारकुनांच्या बोलण्यात झिजले, जाब आणि साल उरले. पुढे जोडीतून सुटून 'जाब' एकटा हिंडू लागला असावा. शाहिरांच्या फडात सवाल-जवाब पूर्ण रूपात टिकले, कारण तिथे ते गायचे होते.

जाबसाल म्हणजे वाटाघाट, बोलणी, दोन दरबारांच्या वकिलांनी आमनेसामने बसून केलेली विचारपूस. त्यात दोघेही विचारतात आणि दोघेही सांगतात. पोलीस आणि लोक यांच्यातल्या चर्चेला मला हाच शब्द हवा आहे. त्याचा एक नमुना महाराष्ट्रात होऊन गेला आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे आणि त्या भागाचा साधा पोलीस एकत्र बसत, नळापासून अफवेपर्यंत सगळे बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या प्रयत्नांतून मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. त्यासाठी सरकारी अधिसूचना निघाली नव्हती आणि हरकती मागवण्याची तारीखही नव्हती.

'मोहल्ला' हा अरबी 'महल्ला', उतरण्याची जागा. धातू ह-ल-ल, म्हणजे सोडणे, गाठ सुटणे. प्रवासी उंटावरचे ओझे जिथे सोडतो तो मोहल्ला. महाल, हलाल आणि हिंदीतला 'हल', म्हणजे प्रश्नाची उकल, हे त्याच धातूचे. भिवंडीच्या समितीत बसलेल्या हवालदाराला हे ठाऊक असायचे कारण नव्हते, पण शब्द बरोबर निवडला गेला होता.